चौदाव्या पानावरचे मास्तर

“ये गं बाये हळू हळू, नको मागं वळू वळू…”

जाड सतरंजी उन्हात झटकावी तसा तो आवाज होता. खरबरीत, पण ऊब असलेला. अडतीस वर्षांपूर्वी चिकट फिल्मच्या कारखान्यातल्या लॅबच्या खिडकीशी उभे राहून मास्तर हे दोन चरण म्हणायचे, ते काही गाण्याची हौस म्हणून नव्हे. पोलादी पट्टीवर चिकटवलेली बोटभर रुंदीची फिल्म सोलून काढताना हात एका गतीने चालावा, म्हणून. ‘ये’ म्हणताना टोक उचलायचं, शेवटच्या ‘वळू’ला पट्टी संपायची. ओढीचा वेग बदलला की परीक्षा खोटी. यंत्र नव्हतं, होते ते हे दोन चरण, मास्तरांनी स्वतःच जुळवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला, नव्याने लागलेल्या पोरीला, समोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, “वहीत काय लिहायचं ते नंतर सांगतो. आधी ऐक. फिल्म बोलते.”

आणि फिल्म खरंच बोलायची. चांगली असली की सलग ‘सर्रर्र’, रेशमी कापड टराटरा न फाडता जपून उसवावं तशी. गोंद भट्टीत जास्त सुकला असला की ‘खर्र’, घसा बसल्यासारखी. आणि भट्टीची आच कमीजास्त झाली, गोंद कुठे कच्चा कुठे पक्का राहिला, की ‘टक्… टक्… टक्…’ सुटायची, थांबायची, पुन्हा सुटायची. मास्तरांनी तिघींना नावं दिली होती: भरली, कोरडी आणि अडखळती. “भरलीला हसत निरोप द्यायचा,” ते सांगायचे, “कोरडीची समजूत काढायची, आणि अडखळतीला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. बाहेर जाऊन आपलंच नाव घेते ती.”

आता त्या पोरीचे केस पांढरे झाले होते आणि अख्ख्या कंपनीत तिला ‘अंदाजबाई’ म्हणत. चिकट फिल्मचा बाजार कुठे चालला आहे, पुढे कोण किती घेईल, कोण घ्यायचं सोडेल, हे लिहिण्यात तिची नोकरी गेली. महिनाअखेर निवृत्ती होती. टेबलावर शेवटचा रिपोर्ट पडला होता: ‘औद्योगिक चिकट फिल्म: बाजाराचा कल आणि पुढच्या दहा वर्षांचा अंदाज’. तेरा पानं झाली होती. चौदावं कोरं होतं, आणि आठ दिवस कोरंच होतं.

तेरा पानं तिने सरसर लिहिली होती. तिची रीतच न्यारी. इतर लोक आकड्यांचे तक्ते मांडत बसायचे. ती दर वर्षी एकदा दुरुस्तीच्या दुकानांतून फिरायची. रेडिओवाला, शिलाई मशीनवाला, मोटारगाड्यांचे दरवाजे उघडणारा, आणि आताशा फोनवाला. त्यांच्यासमोर बसून वस्तू उघडताना पाहायची आणि एकच गोष्ट मोजायची, स्क्रू किती निघाले. “आला आमचा स्क्रूचा सरकारी मोजणीदार,” रेडिओवाला तिला चिडवायचा. पण बाईंचा हिशेब साधा होता. जिथला स्क्रू गेला, तिथे फिल्म आली. पहिल्या वर्षी एका रेडिओतून एकवीस स्क्रू निघाले होते. हल्लीच्या एका फोनमधून दोन, तेही नाइलाजाने ठेवल्यासारखे. फोनवाला फटीत पातळ पट्टी सरकवत म्हणाला होता, “ताई, पूर्वी आम्ही वस्तू उघडायचो. आता सोलतो.” ते वाक्य तिने जसंच्या तसं तिसऱ्या पानावर घातलं होतं.

पुढच्या पानांवर बाकीचं सगळं आलं होतं. पॅकिंगची फिल्म सावकाश पण न थकता वाढेल. गाड्यांच्या बॅटऱ्यांना उष्णता सोसणारी फिल्म लागेल आणि तिथेच खरी झेप आहे. उग्र वासाच्या रासायनिक द्रावणात कालवलेला गोंद मागे पडेल, पाण्यातला आणि वितळवून लावायचा पुढे येईल. आणि अकराव्या पानावर तिचं लाडकं भाकीत होतं: उद्याचं गिऱ्हाईक ‘घट्ट धरते का’ एवढंच विचारणार नाही, ‘हवी तेव्हा सोडते का’ हेही विचारेल. कारण वस्तू दुरुस्त करायच्या तर त्या उघडता आल्या पाहिजेत.

चौदावं पान मात्र तिच्या डोक्यातलं नव्हतं. ते धाकट्या साहेबांच्या डोक्यातलं होतं. कंपनी ज्यांनी काढली त्या थोरल्या साहेबांचे हे नातू. तिशीतले, चालण्याबोलण्यात घाई. त्यांना नव्या लाइनवर एक यंत्र बसवायचं होतं. फिल्म सोलतानाचा आवाज ऐकून बरीवाईट निवडणारं. संचालक मंडळ ‘कशाला हवंय’ म्हणत होतं.

“बाई, त्यांना आकड्यांनी फरक पडत नाही. गोष्ट सांगा,” धाकटे साहेब तिच्या टेबलाच्या कडेला बसत म्हणाले होते. “ते बहिऱ्या मास्तरांचं प्रकरण घाला ना. चौदाव्या पानावर, चौकटीत. एका ठार बहिऱ्या माणसाच्या कानावर आपण फिल्म पास करत होतो आणि कोणाला पत्ता नव्हता! अठरा रोल परत आले तेव्हा कळलं. यापेक्षा भारी कारण कुठलं?”

“मास्तर हयात आहेत, साहेब.”

“मग? नाव नका घालू. अख्ख्या कारखान्याला माहीत असलेली गोष्ट आहे.”

“तरी विचारते त्यांना.”

“विचारा, विचारा. पण शुक्रवारपर्यंत द्या. आणि बाई…” ते जाता जाता हसले, “शेवटचा रिपोर्ट आहे, दणक्यात होऊ द्या!”

अख्ख्या कारखान्याला माहीत असलेली ती गोष्ट अर्धीच होती. उरलेली अर्धी तिच्या एकटीच्या पोटात होती.

मास्तरांचे कान गेलेत हे तिला लागल्यापासून सहा महिन्यांतच कळलं होतं. दुपारचा भोंगा वाजला, लॅबच्या काचा थरथरल्या, आणि मास्तरांनी मानसुद्धा वर केली नाही. तेवढ्यावरून तिच्या ध्यानात आलं की पट्टी ओढताना ते कान देतात कुठे, ते तर तिच्याकडे बघतात. ती फिल्मचा आवाज ऐकायची, तिच्या भुवया नकळत हलायच्या, आणि मास्तर त्या भुवया वाचायचे. ‘सर्रर्र’ला तिचं कपाळ सैल पडायचं, ‘टक् टक्’ला भुवयांच्या मध्ये आठी उभी राहायची. एवढ्यावर मास्तर स्लिपवर ‘पास’ नाहीतर ‘परत’ लिहायचे आणि सगळा कारखाना म्हणायचा, काय कान आहेत या माणसाचे!

ती काही बोलली नाही. मास्तरांच्या घरात दोन शिकणारी मुलं होती, आणि आंधळ्याच्या हाताला हात लावून त्याला रस्ता ओलांडून द्यावा आणि त्याला मात्र वाटावं आपण एकटेच चाललो, यात तिला एक मुकं समाधानही होतं. तिने एवढंच केलं की आठी जरा ठळक घालायला लागली. अडीच वर्षं दोघांनी मिळून एकीच्या कानांवर आणि एकाच्या डोळ्यांवर ती लॅब चालवली. ओठ कोणीच उघडले नाहीत. त्या अडीच वर्षांसारखे दिवस पुन्हा आले नाहीत. गोंदाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास, भट्टीकडून येणारी झळ, लांबच लांब पळत जाणारी चकचकीत फिल्म, आणि खिडकीशी तो आवाज, ‘ये गं बाये हळू हळू’. पुढे तिला मोठं टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली. पण त्या तीन पायांच्या स्टुलावर बसायची तेव्हा जेवढी तिची कोणाला गरज होती, तेवढी पुन्हा कधी कोणाला लागली नाही.

आणि मग ती सकाळ. थोरल्या साहेबांकडून तिला चिठ्ठी आली. तिने सहज म्हणून चार पानं लिहून वर पाठवली होती, कोणकोणत्या धंद्यात स्क्रूच्या जागी फिल्म बसू शकेल याबद्दल. ‘पोरगी हुशार आहे. सोमवारपासून वरच्या मजल्यावर, बाजार विभागात.’ चिठ्ठी एप्रनच्या खिशात, हात चिठ्ठीवर. शिफ्टचा सुपरवायझर शेजारी उभा, “आटपा मास्तर, गाडी दारात उभी आहे,” म्हणत. मास्तरांनी पट्टी ओढली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मास्तरांनी लिहिलं: ‘पास’.

ते अठरा रोल फ्रिजचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि उन्हाळा लागताच दरवाजांच्या कडा सुटल्या. माल परत आला. चौकशी झाली, डॉक्टर आले, मास्तरांच्या कानाशी घंटा वाजवून पाहिली. त्यांना गोदामात बसवलं, आणि वर्षभरात ते स्वतःच नोकरी सोडून गेले.

तेव्हापासून ती दर वर्षी दोनदा तरी त्यांच्याकडे जात आली होती. मास्तरांची शिष्या म्हणून. फळं न्यायची, बाजाराच्या गोष्टी सांगायची आणि ते सोडून सगळं बोलून परत यायची.

गुरुवारी दुपारी ती गेली. तिसरा मजला, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत ऊन जमिनीवर पसरलेलं. दार काकूंनी उघडलं, मास्तरांच्या बायकोने. कमरेत किंचित वाकलेल्या, पण जीभ सरळ.

“ये गं ये. बरी वेळेवर आलीस. नवीन बरणी आणलीये. बरणी अजून माझ्या हाती नाही, आधी लेबल ह्यांच्या हाती.”

मास्तर खिडकीजवळ बसून बरणीवरचं लेबल सोलत होते. ऐंशी वर्षांचं बोट, नखाच्या कडेने टोक उचललेलं, आणि कागद कुठेही न फाटता, मागे चिकाचा एक ठिपका न ठेवता सुटत चाललेला. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. लेबल सुटलं तेव्हा त्यांनी ते उजेडासमोर धरलं, अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, “पाण्यातला गोंद. हल्ली सगळे हाच वापरतात.” मग वर पाहिलं. “अरे, बाजार आला! बस, बस.”

“ओरडू नकोस,” काकू तिला म्हणाल्या, “ओरडून काही उपयोग नाही. समोर तोंड करून बोल. यंत्र घेऊन दिलंय मुलाने कानाचं, ते डबीत निजलंय. म्हणतात, सेल संपतो.”

“सेल संपतो,” काकूंचे ओठ वाचून मास्तरांनी मान डोलावली. “आणि हिचं सगळं ऐकू येतं.”

काकूंनी कपाळावर हात मारला आणि चहा ठेवायला आत गेल्या. मास्तर लगेच खुर्चीतून अर्धे वळले. “रागावली का गं ती?”

“नाही हो, हसतायत.”

“नक्की?”

“दिवसातून दहा वेळा!” आतून आवाज आला. “रागावलीस का, बरं नाही का, कोणी काही बोललं का. अगं, समोर बसून हसते तरी विचारतात, हे खरंच हसणं आहे ना? आता तोंडावर पाटी लावून फिरू काय मी?”

अंदाजबाई हसली. मग पिशवीतून कागद काढला. चौदावं पान तिने शेवटी आदल्या संध्याकाळी टाइप केलं होतं, धाकट्या साहेबांनी सांगितलं तसं, चौकटीत. तिला वाटलं होतं मास्तर चिडतील, कागद फेकतील. मग आपण म्हणू, ठीक आहे, नाही घालत, आणि सुटू.

मास्तरांनी चष्मा लावला. अंगठा एकेका ओळीखाली सरकवत वाचलं. दोनदा वाचलं. मग तोंड मिटून, खांदे हलवत हसू लागले.

“मजकूर ठीक आहे. पण एक चूक आहे. अडीच वर्षं नाही. चार.”

“चार?”

“तू यायच्या आधी वर्षभर. तुझ्याआधी एक पोरगा होता तिथे. त्याचा चेहरा म्हणजे कुलूप. काही कळायचं नाही. फार वाईट दिवस काढले मी. बोटांनी चाचपून, अंदाजाने. मग तू आलीस.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तुला सांगितलं नाही कधी. आता सांगायला हरकत नाही. मी तुझ्या भुवया वाचायचो. तू बिचारी आपली वहीत डोकं घालून बसायचीस, तुला काय ठाऊक? माझे कान म्हणजे तूच होतीस.”

तिच्या हातातली पिशवी तिने उगाच दुमडली, पुन्हा उलगडली. चहा आला. काकू वेताच्या मोड्यावर टेकल्या.

“घाल ते पान,” मास्तर म्हणाले. “खुशाल घाल. कानांचं मला काही वाटत नाही. भट्टीच्या पंख्याशेजारी उभं राहून कान गेले, माझ्यासारखे आणखी पाच जण असतील. यंत्र ऐकणार असेल तर छान आहे, यंत्राला पंखा बाधत नाही.”

“मग काय वाटतं?” तिने विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

मास्तरांनी बरणी बाजूला सरकवली.

“नजर चुकली, ते. अठरा रोलांच्या दिवशी पट्टी ओढली, तुझ्याकडे पाहिलं. माझ्या मते तुझा चेहरा खुलला होता. एवढा खुललेला मी कधी पाहिलाच नव्हता. म्हटलं, ही तर राणी आहे, भरलीतली भरली. लिहिलं पास.” त्यांनी तळहात उलटा केला. “आणि निघाली अडखळती. म्हणजे तुझ्या कपाळावर आठी असणारच, आणि मला ती दिसली नाही. मी उलटं वाचलं. कान नसलेल्या माणसाकडे दुसरं असतं काय गं? डोळेच ना. त्या दिवसापासून डोळ्यांचा भरवसा गेला. मुलगा नापास होऊन आला तेव्हा मला तो हसतमुख दिसला. मुलगी सासरी निघताना मी हिला विचारत होतो, ती रडतेय की हसतेय. समोर माणूस असतो, चेहरा असतो, आणि मला वाटतं, मी पुन्हा उलटं वाचतोय. पस्तीस वर्षं ते कोडं घालतोय स्वतःला. कुठे होती ती आठी? मला दिसली कशी नाही?”

काकूंच्या हातात बशी होती, ती त्यांनी अलगद खाली ठेवली. दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा प्रश्न कुठून येतो, हे त्यांनाही आजच कळत होतं.

अंदाजबाईला वाटलं होतं, आपल्या गप्प बसण्याने मास्तरांची नोकरी गेली. एवढं ओझं तिने मान्य केलं होतं, दर वर्षी फळांच्या पिशवीबरोबर ते जिना चढवत होती. पण या माणसाला आपण पस्तीस वर्षं त्याच्या बायकोचं हसूसुद्धा धड घेऊ दिलं नाही, हे तिच्या कुठल्याच अंदाजात नव्हतं. लोक काय विकत घेतील ते तिला दहा वर्षं आधी सांगता यायचं. समोर बसलेल्या माणसाचं काय चाललंय, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

ती मान खाली घालून बोलू लागली, “मास्तर, त्या दिवशी…”

“वर बघ,” काकू म्हणाल्या. “खाली बघून त्यांना काय कळणार?”

तिने वर पाहिलं. मास्तरांचे डोळे तिच्या ओठांवर होते, पापणी न हलवता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. पळायला वाट नव्हती. ज्याला ऐकू येतं त्याच्यासमोर माणूस पुटपुटू शकतो, खोकू शकतो, वाक्य अर्धं गिळू शकतो. इथे प्रत्येक अक्षर ओठांनी पुरतं घडवून द्यायला लागणार होतं.

“तुम्ही बरोबर वाचलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“बरोबर. वाचलं. होतं. आठी नव्हतीच, मास्तर.” तिने चौदावं पान त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि बाजूला ठेवलं. “तुम्ही माझा चेहरा वाचता हे मला माहीत होतं. पहिल्या सहा महिन्यांपासून माहीत होतं. मी मुद्दाम आठी घालायची तुमच्यासाठी. आणि त्या दिवशी माझ्या खिशात वरच्या मजल्याची चिठ्ठी होती. फिल्म तीनदा अडखळली. मी ऐकलं. नीट ऐकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी त्या चिठ्ठीसाठी हसत होते. तुम्ही ‘पास’ लिहिलंत तेही पाहिलं. सुपरवायझरसमोर तुमचं बिंग फुटेल म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला वर जायची घाई होती, म्हणून बोलले नाही.”

“म्हणजे मी उलटं वाचलं नव्हतं,” मास्तर म्हणाले, आणि काकूंकडे वळून, या वेळी काही न विचारता, त्यांचा चेहरा वाचू लागले.